फुगलेली शीर फुटली तर रक्त कसं थांबवायचं

घोट्याच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा काळानिळा मऊ फुगवटा आणि त्यावर कागदासारखी पातळ कातडी. व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरा असणाऱ्यांची शीर बहुतेकदा इथंच फुटते. कापूस वेचताना पऱ्हाटीचा ओरखडा किंवा खाजवताना लागलेलं नख तेवढ्यालाही पुरतं. कढत पाण्यानं शिरा आणखी फुगतात, म्हणून आंघोळीतही फुटते. दुखत नाही, त्यामुळं न्हाणीतलं पाणी लाल झाल्यावरच कळतं.

माणसाला आहे तिथंच आडवं करा. वावरात असाल तर धुऱ्यावर. बाज शोधत बसू नका. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरइतका दाब असतो, आणि पाय छातीच्या वर गेला की तो जवळपास उरतच नाही. पाय पोत्यावर किंवा गाठोड्यावर ठेवा, टाच छातीपेक्षा फूटभर वर.

मग स्वच्छ सुती फडक्याची किंवा दस्तीची चौपदरी घडी नेमकी जखमेवर ठेवून तळव्यानं दाबा. घड्याळ लावून १० मिनिटं. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहिलं की रक्ताची धरलेली गाठ सुटते आणि पहिल्यापासून सुरुवात. घडी भिजली तर तीच राहू द्या, वर दुसरी ठेवा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे वर पोटरीला सुतळी किंवा पदराची चिंधी करकचून बांधणं. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्यानं हृदयाकडं परत जाणारी शीर अडते, खोलवरची धमनी मात्र रक्त ओततच राहते. ते रक्त मग फुटलेल्या जागेतूनच बाहेर पडतं. आधीच बांधलं असेल तर जखमेवर दाब देऊन ते सोडा. हळद, चुना, तंबाखू, माती काही भरू नका.

रक्त थांबल्यावर घडी न काढता बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत क्रेप बँडेज (ताणली जाणारी पट्टी) गुंडाळा. खाली घट्ट, वर सैल. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर सैल करा. थांबलं नाही, चक्कर आली किंवा घाम फुटला तर १०८ ला फोन करा, दाब मात्र सोडू नका. मोटारसायकलवर पाय लोंबकळत नेलं तर वाटेतच पुन्हा सुरू होतं. जीपमध्ये आडवं झोपवून, पाय वर ठेवून न्या.

थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तीच जागा परत फुटते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, पुढं पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी) लागेल. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल तिथल्या सर्जरी विभागात जा.

या शिरांच्या ऑपरेशनमध्येही रक्त याच रीतीनं वाचवतात: टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, जांघेतलं शिरेचं तोंड आधी बांधतात, शीर ओढून काढली की लगेच मांडी दाबून धरतात. लेझरनं शीर आतून बंद केली तर रक्त फारसं जातच नाही. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. गोळी मनानं बंद करू नका.