‘अप’ म्हणजे नेहमी ‘वर’ नव्हे

‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काहीच टाकत नाही. ‘टाक’मुळे फक्त ‘संपव’ असा अर्थ येतो. इंग्रजीत हेच काम बऱ्याचदा ‘अप’ करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. शाळेत ‘अप म्हणजे वर’ एवढंच घोकल्यामुळे इथे घोळ होतो.

‘ऑफ’ त्याहून फसवा. ‘मीटिंग पुट ऑफ झाली’ म्हणजे ती पुढे ढकलली, ‘कॉल ऑफ’ झाली तर रद्द. मी एकदा ‘पुट ऑफ’चा अर्थ ‘रद्द’ असा घेऊन निवांत घरी बसलो होतो!

म्हणून सुट्या शब्दांचे अर्थ जोडत बसू नका, पुढचं कर्म बघा. ‘टर्न डाउन’नंतर ‘म्युझिक’ आलं तर आवाज कमी करा, ‘ऑफर’ आली तर ती नाकारली. वहीत नुसतं ‘टर्न डाउन’ न लिहिता ‘टर्न डाउन द ऑफर’ असं अख्खं लिहा.

आणि ‘इट’, ‘देम’ असं सर्वनाम आलं तर ते मध्ये बसतं: ‘टर्न इट डाउन’. ‘टर्न डाउन इट’ चूक. मात्र ‘लुक आफ्टर’सारख्या जोड्या फोडायच्या नाहीत; तिथे ‘लुक आफ्टर देम’च.