स्ट्रॅटेजी शिकायची तर आधी काट्यावर बसा

ग्रामीण व्यवस्थापन शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली विचारतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या कंपन्यांसाठी, नियोजनाचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू? मी हे काम काही वर्षांपासून लातूर जिल्ह्यात करते. माझं उत्तर ठरलेलं आहे : सोयाबीनच्या हंगामात पंधरा दिवस वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसा. आराखडा नंतर.

मी तसं केलं नव्हतं. पहिल्या कंपनीसाठी मी थेट पाच वर्षांचा आराखडा मांडला. डाळ मिल, पॅकिंग, पुण्यात स्वतःच्या नावाची तूरडाळ, पुढे सोयातेल. संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांतले एक वयस्कर काका म्हणाले, "मॅडम, समदं बरं हाय. पर जूनमंदी उचल कोन देनार?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला काट्यावर बसल्यावर कळला. पेरणीच्या तोंडावर बी-खताला पैसे लागतात, तेव्हा गावातला व्यापारी उचल देतो. मग दिवाळीच्या आसपास माल त्याच्याच दारात जातो. आमची कंपनी मॉइश्चर मीटर लावून १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत करायची आणि पैसे आठवड्याने खात्यात टाकायची. व्यापारी कट्टी लावायचा, म्हणजे वजनात कपात करायचा, पण रोख हातावर ठेवायचा. एक सभासद ट्रॅक्टर घेऊन आला, आमच्याकडे तीन पोती उतरवली आणि उरलेली ट्रॉली घेऊन कोपऱ्यावरून व्यापाऱ्याकडे वळला. कंपनीची बाजारात काय जागा आहे, हे त्या वळणावर स्पष्ट दिसत होतं.

पोझिशनिंग म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली जागा, असं आपण शिकतो. उत्पादक कंपनीला ती दोन ठिकाणी मिळवावी लागते, माल घेणाऱ्याच्या मनात आणि माल देणाऱ्या सभासदाच्या मनात. माझ्या मते दुसरी आधी.

मग आम्ही उलटीकडून विचार केला : व्यापारी जे देऊ शकत नाही, असं सभासदाला काय हवंय? २०२०च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दुबार पेरणीचा खर्च ज्यांच्या अंगावर पडला, त्यांचा पिशवीवरच्या छपाईवर विश्वास उरला नव्हता. उत्तर तिथेच होतं. तूरडाळ आणि तेल आराखड्यातून काढून टाकलं. कंपनीने बीजोत्पादन करायचं ठरवलं : आपल्याच शिवारातलं, उगवण तपासून दिलेलं सोयाबीन बियाणं. बियाणं उधारीवर द्यायचं आणि हंगामात मालातून वळतं करायचं. काकांच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मिळालं.

हे ठरवायला एक बैठक पुरली, पण पाळायला दोन वर्षं लागली. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आपटलं, थप्पी फार उंच लागली, की दाणा दिसायला ठीक राहतो पण उगवत नाही. त्यामुळे आमची सगळी स्ट्रॅटेजी शेवटी हमालांच्या हातात होती. त्यांना पोती खांद्यावरून अलगद उतरवायची सवय लागावी म्हणून मजुरी पोत्यामागे न देता रोजाने द्यायला सुरुवात केली. हा निर्णय माझ्या मूळ आराखड्यात कुठेही नव्हता. आज वाटतं, तोच सगळ्यांत महत्त्वाचा होता.

नव्याने येणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी मागच्या तीन वर्षांची किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचा. ताळेबंद वाचता येत नसेल, तर बाकीचं शिक्षण थोडं बाजूला ठेवून तो शिका. माल देणं बंद केलेल्या सभासदांच्या घरी जा, तिथे मिळणारी माहिती कुठल्याही सर्व्हेत मिळत नाही. कायद्याप्रमाणे संचालक ५ ते १५ असतात आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. म्हणजे आराखडा गावाला पटला पाहिजे, अध्यक्षांना पटून भागत नाही. आढावा मार्चअखेरीला न घेता अक्षय्य तृतीयेला आणि दिवाळीनंतर घ्या, कारण शेतीचं वर्ष तसं चालतं. आणि अशा दहा हजार कंपन्या उभ्या करण्याच्या केंद्राच्या २०२०च्या योजनेत असाल, तर व्यवस्थापन खर्चाचं साहाय्य तीन वर्षांचं असतं, कमाल १८ लाख. चौथ्या वर्षी सीईओचा पगार कुठून येणार, हे पहिल्याच वर्षी लिहून काढा. चांगल्या चाललेल्या कंपन्या मी तिथेच अडखळताना पाहिल्या आहेत.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात गोडाऊनच्या ओट्यावर आम्ही ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे मांडून गुंडाळ्या केल्या. पाचव्या दिवशी त्या उघडल्या. एका लॉटचे ६१ कोंब निघाले, आणि बियाण्याच्या सरकारी प्रमाणकाप्रमाणे किमान ७० टक्के उगवण लागते. मागणी जोरात होती, दुसऱ्या चांगल्या लॉटमध्ये मिसळून खपवू, असं एक जण बोलूनही गेला. काकांनी कोंब पुन्हा एकदा स्वतः मोजले, गोणपाट झटकलं आणि म्हणाले, "ह्ये मिलला जाऊ द्या."

बीजप्रक्रिया केलेली नव्हती, म्हणजे दाण्याला औषध चोळलेलं नव्हतं, म्हणून तो माल धान्याच्या भावाने विकता आला. नुकसान झालं, ते इतिवृत्तात आकड्यासह लिहिलं. संध्याकाळी ट्रक भरताना बघायला सभासद जमले होते.