छांगूला जाण्याआधी

सिक्कीममधल्या गंगटोकहून छांगू लेक जेमतेम 40 किलोमीटर. अंतर ऐकून सगळे निर्धास्त होतात आणि तयारी दोन स्वेटरवर थांबते. पण गंगटोकच मुळात आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे आणि तळं 3,753 मीटरवर. दोन-अडीच तासांत गाडी दोन हजारांहून जास्त मीटर वर चढते. तिथे हवेचा दाब मुंबईच्या मानाने एक-तृतीयांशाहूनही जास्त घटलेला असतो. त्यामुळे थंडीइतकीच उंचीचीही तयारी करा.

बागडोगरा विमानतळावरून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी छांगू ठेवू नका. एक दिवस गंगटोकमध्येच फिरा, पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री दारू नको. हृदयाचा, दम्याचा किंवा बीपीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना घरूनच विचारून निघा. उंचीसाठीच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने. शेजाऱ्याने घेतल्या होत्या म्हणून आपण घ्यायच्या नाहीत. वर डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, पाय अडखळायला लागले, तर फोटो राहू देत, गाडी खाली वळवायला सांगा. खाली उतरणं हाच त्यावरचा खरा उपाय.

हा चीन सीमेकडे जाणारा रस्ता, त्यामुळे परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत एजंटमार्फत आदल्या दिवशी काढावं लागतं. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, त्याच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो घरूनच न्या. पॅन कार्ड चालत नाही. मुलांसाठी जन्मदाखला ठेवा. सीमेवरच्या नथुला खिंडीचं परमिट वेगळं असतं आणि सोमवार-मंगळवारी नथुला पर्यटकांना बंद, तेव्हा वार बघून आखणी करा.

कपडे थरांत घाला: आत थर्मल, वर लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी हवीच. सुती मोजे एकदा भिजले की पाय गारठतात, म्हणून लोकरी मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत असू द्या. गमबूट विकत घेऊ नका, वाटेवरच्या दुकानांत भाड्याने मिळतात. फक्त पैसे देण्याआधी बुटात हात घालून टाचेपर्यंत चाचपून बघा. आधीच्या माणसाच्या पायाचा बर्फ आत वितळलेला असतो आणि अस्तर ओलं असेल तर दुसरा जोड मागा. बर्फावरून उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येते, म्हणून गॉगल लहान मुलांनाही हवा.

नाश्ता हलका करा. वळणं खूप आहेत. गाडी लागत असेल तर त्याची गोळी निघण्याआधी घ्या, खिशात आलेपाक ठेवा. चिवड्याची पाकिटं वर टम्म फुगतात, घाबरू नका. पाण्यासाठी घरची स्टीलची बाटली घ्या. सिक्कीममध्ये 2022 पासून प्लास्टिकच्या बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे. गमबूट, चहा-मोमो, याकची सवारी यांसाठी सुटे पैसे जवळ असलेले बरे, कारण वर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

तळं गोठलेलं दिसलं तरी त्यावर पाय ठेवू नका. काठाजवळचा बर्फ किती जाड आहे ते वरून कळत नाही, शिवाय स्थानिकांसाठी हे तळं पवित्र आहे. शिंगांना रंगीत लोकरी खोळी घातलेले याक काठावरच उभे असतात. बसण्याआधी भाव ठरवून घ्या.

सकाळी लवकर निघा. पूर्वेकडे डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि दुपारनंतर हवा फिरते. 2018 च्या डिसेंबरात याच रस्त्यावर बर्फात हजारो पर्यटक अडकले होते, त्यांना लष्कराने सोडवलं. 4 एप्रिल 2023 ला पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन होऊन सात पर्यटक गेले. परमिट त्या दिवशी तेराव्या मैलापर्यंतचंच दिलं जात होतं. म्हणून रस्ता कुठपर्यंत खुला आहे ते निघण्याआधी विचारा आणि ड्रायव्हर दाजूंनी (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) गाडी थांबवली की पुढे जायचा हट्ट धरू नका, जादा पैसे तर अजिबात देऊ करू नका.

बर्फ जास्त पडला तर परमिट मिळतच नाही. त्यासाठी गंगटोकात एक दिवस मोकळा ठेवा आणि रस्ता बंद झाल्यास पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे आगाऊ रक्कम भरतानाच एजंटकडून लिहून घ्या.