विलीनीकरणाच्या बातमीवर मत लिहायचे झाल्यास

एका बड्या कंपनीने दुसरी ताब्यात घेतली, एखाद्या वृत्तवाहिनीची मालकी बदलली किंवा आयटी कंपनीने नोकरकपात जाहीर केली, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यावर मतांचा पाऊस पडलेला असतो. त्यातली बरीचशी मते नुसता मथळा वाचून लिहिलेली असतात आणि आठवडाभरात शिळी होतात. ज्यांना अशा बातमीवर टिकाऊ मत लिहायचे आहे त्यांनी कामाला कुठून लागावे, काय तपासावे आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे. रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील माध्यम व्यवसायांचे विलीनीकरण हे त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण त्यात माध्यमे, तंत्रज्ञान आणि उद्योग हे तिन्ही विषय गुंतलेले आहेत. शिवाय विलीनीकरणाआधी ‘स्टार प्रवाह’ डिस्नेच्या बाजूची आणि ‘कलर्स मराठी’ रिलायन्सच्या बाजूची वाहिनी असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा मामला परका नाही.

लिहायला बसण्याआधी मूळ कागद मिळवावा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाची प्रत्येक घडामोड सेबी या बाजार-नियामक संस्थेच्या २०१५च्या नियमांनुसार शेअर बाजाराला कळवावी लागते, आणि ही निवेदने मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट वाचता येतात. अशा व्यवहारांना परवानगी देणाऱ्या स्पर्धा आयोगाचे आदेशही त्याच्या संकेतस्थळावर असतात. चार-पाच पानांचे निवेदन वाचायला अर्धा तास लागतो, पण तेवढा वेळ दिला की बातमीतल्या निम्म्या शंका तिथेच मिटतात आणि बातमीत नसलेल्या दोन-तीन नव्या उभ्या राहतात. मत लिहिण्याजोगा ऐवज बहुधा त्या नव्या शंकांतच सापडतो.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही कंपन्यांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात ७०,३५२ कोटी रुपये हा आकडा होता. तो पाहून ‘रिलायन्सने सत्तर हजार कोटींना डिस्ने विकत घेतली’ असे ऐकू येऊ लागले. निवेदनात मात्र ही रक्कम संयुक्त कंपनीचे एकूण मूल्यांकन म्हणून दिलेली आहे, तीही रिलायन्सची नवी गुंतवणूक धरून. रिलायन्स प्रत्यक्षात जे पैसे घालणार होती ते ११,५०० कोटी होते, आणि तेही संयुक्त कंपनीच्या वाढीसाठी. भागभांडवलाची वाटणी रिलायन्स १६.३४ टक्के, व्हायकॉम१८ ४६.८२ टक्के आणि डिस्ने ३६.८४ टक्के अशी होती. या तीन आकड्यांत सर्वांत लहान हिस्सा रिलायन्सचा दिसतो, पण व्हायकॉम१८ ही रिलायन्सचीच उपकंपनी असल्याने पहिले दोन हिस्से एकत्र धरावे लागतात. ती बेरीज ६३.१६ टक्के होते, आणि संयुक्त कंपनीवर नियंत्रण रिलायन्सचे राहील हे त्याच निवेदनात स्पष्ट लिहिलेले होते. टक्केवारी दिसली की तिच्यामागे कोण उभे आहे हे आधी पाहावे, ही सवय इथे उपयोगी पडते.

समोरच्या पक्षाचा कागदही तितकाच महत्त्वाचा असतो आणि तो सहसा कोणी उघडत नाही. डिस्ने ही अमेरिकेत नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळे तिचे तिमाही निकाल तिथल्या नियमांनुसार प्रसिद्ध होतात. मे २०२४च्या निकालात भारतातील स्टार इंडिया ही तिची कंपनी आणि पारंपरिक टीव्ही वाहिन्या यांच्या पोटी ताळेबंदातील ‘ख्याती’चे (गुडविलचे) मूल्य दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेने कमी केल्याची नोंद आहे. त्याआधीच्या निकालांतून डिस्ने प्लस हॉटस्टारची ग्राहकसंख्या ऑक्टोबर २०२२च्या आरंभीच्या ६ कोटी १३ लाखांवरून जुलै २०२३च्या आरंभी ४ कोटी ४ लाखांवर आल्याचे दिसते. २०२३पासूनचे आयपीएलचे डिजिटल हक्क व्हायकॉम१८कडे गेले होते आणि मधल्या काळात तिने २०२३चा हंगाम आपल्या जिओसिनेमा ॲपवर फुकट दाखवला होता. हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की भारतीय कंपनीने जगज्जेत्या कंपनीला नमवल्याची वीरकथा लिहिण्याचा मोह आपोआप आवरतो, आणि डिस्नेने डोईजड झालेला व्यवसाय वेळीच भागीदारीत टाकला काय, असा अधिक कामाचा प्रश्न पुढे येतो.

यानंतर बातमी कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे. विलीनीकरणाचा मुहूर्त एका दिवसाचा नसतो. आधी घोषणा होते, मग स्पर्धा आयोगाची परवानगी, मग राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी आणि शेवटी प्रत्यक्ष पूर्तता. रिलायन्स-डिस्नेच्या बाबतीत आयोगाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी संमती दिली, ती पक्षांनी स्वतःहून मान्य केलेल्या बदलांच्या अटीवर. न्यायाधिकरणाची मंजुरी दोनच दिवसांनी आली, व्यवहार १४ नोव्हेंबरला पुरा झाला आणि जिओहॉटस्टार हे एकत्रित व्यासपीठ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाले. पण सगळेच व्यवहार असे तडीस जात नाहीत. झी आणि सोनी यांचा करार डिसेंबर २०२१मध्ये झाला, आयोगाने आणि न्यायाधिकरणाने त्याला हिरवा कंदील दाखवला, आणि तरीही २२ जानेवारी २०२४ रोजी ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या नसल्याचे कारण देऊन सोनीने तो मोडला. घोषणेच्याच दिवशी ‘देशातील बलाढ्य माध्यमसमूह जन्माला आला’ असे लिहून मोकळे झालेल्यांचे लेख आज वाचवत नाहीत. म्हणून घोषणेच्या टप्प्यावर लिहिताना ‘झाले’ऐवजी ‘ठरले’ हे क्रियापद वापरावे.

टप्पा ओळखण्याची खरी कसोटी एनडीटीव्हीच्या प्रकरणात लागली होती. २३ ऑगस्ट २०२२ रोजी अदानी समूहाने एनडीटीव्ही घेतल्याचे मथळे झळकले. प्रत्यक्षात समूहाने त्या दिवशी घेतली होती ती विश्वप्रधान कमर्शियल नावाची कंपनी. या कंपनीने अनेक वर्षांपूर्वी एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांच्या आरआरपीआर होल्डिंगला ४०३.८५ कोटींचे कर्ज दिले होते, त्या कर्जासोबत आरआरपीआरचे जवळपास सगळे भाग मिळवण्याचा हक्क बांधलेला होता, आणि आरआरपीआरकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के भाग होते. साखळीतली विश्वप्रधानची कडी हाती लागताच कंपनी ताब्यात घेण्याविषयीचे सेबीचे २०११चे नियम लागू झाले. २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्याला आणखी किमान २६ टक्के भाग इतर भागधारकांकडून विकत घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते, म्हणून २९४ रुपये दराने ती आली. बहुमताचा हिस्सा समूहाकडे गेला तो थेट डिसेंबरअखेर, प्रणय व राधिका रॉय या प्रवर्तकांनी ३४२.६५ रुपये दराने २७.२६ टक्के भाग विकले तेव्हा. ज्याने ऑगस्टमध्ये ही साखळी कागदावर काढली असेल त्याला ‘ताबा घेतला’ आणि ‘ताब्याची वाट उघडली’ यांतला फरक ठाऊक होता, आणि जुने कर्ज मालकी बदलण्याचे हत्यार कसे होते यावर त्याला लिहिता आले असते. माझ्या मते त्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा विषय तोच होता. बाकीच्या हळहळीत तो बाजूला पडला.

बातमी कोण देते आहे हेही नोंदवून ठेवावे. न्यूज१८ लोकमत आणि मनीकंट्रोल यांच्यामागे रिलायन्सच्या छत्राखालचा नेटवर्क१८ समूह आहे, तर एनडीटीव्ही आता अदानी समूहात आहे. म्हणून तिथल्या बातम्या खोट्या ठरत नाहीत. मालकाच्या कंपनीविषयीच्या मजकुराखाली तसा खुलासाही पुष्कळदा छापलेला असतो. मात्र अशा ठिकाणची बातमी वाचताना काय सांगितले आहे याच्या जोडीने काय विचारलेले नाही तेही पाहावे, आणि दुसरा स्रोत शोधताना तो निदान वेगळ्या मालकाचा असेल इतकी काळजी घ्यावी. एकाच वृत्तसंस्थेची बातमी चार दैनिकांत आली तर ते चार स्रोत होत नाहीत.

एवढी तयारी झाल्यावर एकच प्रश्न निवडावा. माध्यमस्वातंत्र्य, प्रेक्षकांची वर्गणी, नोकऱ्या, जाहिरातदार, प्रादेशिक वाहिन्या हे सगळे हजार शब्दांत कोंबले की लेखाची भेळ होते. विलीनीकरणाच्या उदाहरणात मी क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांचा प्रश्न निवडेन, कारण तिथे आकडे उघड आहेत आणि पडताळा पाहता येतो. जून २०२२च्या लिलावात २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएल हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यांतले भारतीय उपखंडातील टीव्ही हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना आणि डिजिटल हक्क व्हायकॉम१८ने २०,५०० कोटींना घेतले. आधीच्या पाच वर्षांसाठी स्टारने सगळे मिळून १६,३४७.५० कोटी मोजले होते, म्हणजे किंमत जवळजवळ तिप्पट झाली. परंतु नव्या आकड्यामागे ४१० सामने धरलेले आहेत आणि जुन्यामागे ३००, त्यामुळे दर सामन्याचा हिशेब ५४.५ कोटींवरून ११८ कोटींवर जातो. ही वाढ दुपटीहून थोडी अधिक आहे. ‘तिप्पट’ आणि ‘दुप्पट’ दोन्ही खरे आहेत. आपण काय मोजतो आहोत ते न सांगता त्यांतला सोयीचा शब्द उचलणे हा मत लिहिणाऱ्यांचा जुना रोग आहे.

या आकड्यांवरून मत असे उभे करता येते. ज्या दोन कंपन्यांच्या चढाओढीने हा भाव वर गेला त्या आता एकाच छताखाली आहेत, तेव्हा २०२८च्या हंगामापासूनच्या हक्कांसाठी तेवढ्या जोराने बोली लावणारा दुसरा कोण, हा प्रश्न क्रिकेट मंडळाइतकाच जाहिरातदारांनाही पडायला हवा. राष्ट्रीय ब्रँडना यूट्यूबसारखी दुसरी दारे आहेत. सणासुदीला मराठी वाहिन्यांवर जाहिरात देणाऱ्या सराफाला किंवा मसालेवाल्याला तेवढे पर्याय नाहीत, म्हणून मक्तेदारीची झळ त्याला आधी लागेल असे मला वाटते. हे लिहून थांबू नये. जो युक्तिवाद आपल्याविरुद्ध जातो तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात पुढच्याच परिच्छेदात मांडावा. इथे तो असा की मुळात तो भावच परवडणारा नव्हता, डिस्नेच्या ताळेबंदातील घट हाच त्याचा पुरावा आहे, आणि नेटफ्लिक्स, ॲमेझॉन व यूट्यूब यांच्यासमोर दोन दुबळ्या कंपन्यांपेक्षा एक सशक्त कंपनी प्रेक्षकाच्या हिताची ठरू शकते. त्याला उत्तर देता येत नसेल तर आपल्या मताची धार तेवढी कमी करावी.

वाक्यरचनेकडेही लक्ष द्यावे लागते. ‘हे विलीनीकरण म्हणजे माध्यमांच्या स्वातंत्र्यावर घाला आहे’ या वाक्यात तथ्य, अनुमान आणि निवाडा यांचा गोळा झाला आहे. तेच असे सोडवता येते : ‘दोन मोठे मनोरंजन समूह एका कंपनीच्या नियंत्रणाखाली आले आहेत. त्यामुळे निर्मात्यांना मालिका विकण्याच्या जागा कमी होतील, असे दिसते. मला ही गोष्ट धोक्याची वाटते, कारण नकार देणारा एकच असेल तर त्याच्या नाराजीची किंमत वाढते.’ पहिले वाक्य कोणालाही तपासता येईल, दुसऱ्यावर वाद घालता येईल आणि तिसरे तुमचे आहे. तिन्ही वेगळी राहिली की वाचकाला तुमच्याशी असहमत होऊनही लेखाचा उपयोग होतो.

नोकरकपातीच्या बातम्यांत हा गोळा सर्वाधिक होतो. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केल्यावर पुण्या-मुंबईतील घराघरांत ‘एआयने नोकऱ्या खाल्ल्या’ हीच चर्चा होती. कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी मात्र एआयमुळे वाढलेली उत्पादकता हे कारण नसल्याचे सांगून कौशल्यांचा मेळ न बसणे आणि काही लोकांना प्रकल्पांवर नेमता न येणे यांकडे बोट दाखवले होते. हे म्हणणे पटत नसेल तर तसे जरूर लिहावे, पण आधी ते म्हणणे नोंदवून आणि न पटण्याचे कारण देऊन. दोन टक्के आणि बारा हजार ही एकाच गोष्टीची दोन रूपे असून पहिले किरकोळ वाटते व दुसरे भयंकर, म्हणून दोन्ही सोबतच द्यावीत.

कायद्याची दोन कुंपणे ध्यानात असू द्यावीत. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, त्यामुळे व्यवहारावर कितीही कडक लिहिले तरी एखाद्या व्यक्तीच्या हेतूविषयी पुराव्याविना विधान करू नये. ‘यात काळेबेरे आहे’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या प्रश्नाचे उत्तर कंपनीने दिलेले नाही ते लिहावे; ते अधिक झोंबते आणि सुरक्षितही असते. दुसरे असे की शेअर घ्यावा की विकावा याचा सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते, तेव्हा विश्लेषणाच्या ओघात त्या बाजूला घसरू नये. ज्या कंपनीवर लिहितो तिचे शेअर स्वतःकडे किंवा घरात कोणाकडे असतील, तिथे नातेवाईक नोकरीला असेल, तर ते लेखाच्या आरंभीच सांगून टाकावे. शेवटच्या ओळीत लपवलेला खुलासा वाचकाला फसवणूकच वाटतो.

लेखाखाली तारीख घालावी आणि मजकूर कोणत्या टप्प्यापर्यंतच्या माहितीवर आधारलेला आहे तेही एका ओळीत लिहावे. पुढे एखादा आकडा बदलला किंवा व्यवहार फिसकटला, तर मूळ वाक्य गुपचूप पुसू नये. खाली तारखेसह टीप जोडावी. भाकीत केले असेल तर ते केव्हा तपासता येईल हेही लेखातच नोंदवावे. वरच्या उदाहरणात ती वेळ आयपीएलच्या पुढच्या हक्कांच्या लिलावाची आहे. त्या दिवशी बोली लावायला किती कंपन्या आल्या आणि दर सामन्याचा भाव ११८ कोटींच्या वर गेला की खाली आला, एवढे दोन आकडे जुन्या लेखाखाली लिहून टाकावेत.