पॉवर बँक खरंच किती देते, हे कसं तपासावं

नवी पॉवर बँक आली की बहुतेक जण तिला फोन लावतात आणि तो तीनदा भरला की ‘चांगली आहे’ म्हणून मोकळे होतात. ही तपासणी नव्हे. फोनची बॅटरी किती झिजलीय, भरताना स्क्रीन चालू होती का, सुरुवात पाच टक्क्यांवरून केली की वीस, एवढ्यावर तो आकडा वाटेल तसा हलतो. लॅपटॉप चालवणाऱ्या मोठ्या बँकेच्या बाबतीत तर या पद्धतीने काहीच कळत नाही.

लागणाऱ्या वस्तू चार: वॉट-अवर (म्हणजे एकूण किती ऊर्जा गेली ते) मोजणारा आणि हवा तो व्होल्टेज मागू शकणारा टाइप-सी मीटर (ही मागणी करण्याच्या सोयीला ट्रिगर म्हणतात), किमान ६० वॉट आणि २० व्होल्ट झेपणारा इलेक्ट्रॉनिक लोड (ठरवून दिलेला करंट एकसारखा खेचत राहणारं उपकरण), ५ अँपिअरची ई-मार्कर चिप (केबलला किती करंट झेपतो हे बँकेला सांगणारी) असलेली केबल आणि वजनकाटा. बँक फुगलेली असेल, तिला कसलासा गोडसर वास येत असेल किंवा ती नुसती पडून असतानाही कोमट लागत असेल, तर तपासायच्या भानगडीत पडू नका, परत करा.

आधी गणित

डब्यावरचे एमएएच (मिलीअँपिअर-अवर) आतल्या सेलचे असतात आणि ते साधारण ३.७ व्होल्टवर धरलेले असतात. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टवर हीच ऊर्जा १४,८०० एमएएच होते, आणि व्होल्टेज बदलताना जी उष्णता वाया जाते ती वजा केली की आणखी कमी. त्यामुळे ‘वीस हजार लिहिलंय आणि तेराच हजार मिळाले, फसवलं’ ही ओरड चुकीची. फसवणूक होते, पण ती इथे नाही. यापुढे एमएएच विसरा आणि फक्त वॉट-अवर बघा; तो आकडा बँकेच्या मागे बारीक अक्षरात छापलेला असतो. (२७,००० एमएएच म्हणजे ९९.९ वॉट-अवर. विमानात परवानगीशिवाय सोबत नेता येणाऱ्या बँकेची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, म्हणून बऱ्याच मोठ्या बँका नेमक्या तिथे येऊन थांबतात.)

वजन

मिनिटाचं काम. १८६५० आकाराचा चांगला सेल साधारण ३,५०० एमएएचचा असतो आणि ४५ ते ५० ग्रॅम भरतो. म्हणजे २०,००० एमएएचला असे सहा सेल लागतात आणि नुसत्या सेलचंच वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातं. ‘५०,००० एमएएच’ लिहिलेली बँक तीनशे ग्रॅमची निघाली, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. उलट मात्र खरं नाही. जड आहे म्हणजे अस्सल, असं समजू नका. आत वजनासाठी काहीही भरता येतं.

पूर्ण भरा

दिवे चारही लागले किंवा आकडा १०० झाला म्हणून थांबू नका. मीटर मध्ये लावून आत जाणारा करंट जवळजवळ शून्यावर येईपर्यंत भरा. शेवटचा भाग हळू भरतो आणि दाखवणारा आकडा बऱ्याचदा त्याआधीच शंभर म्हणतो. किती वॉट-अवर आत गेले ते लिहून ठेवा. मग बँक तासभर थंड होऊ द्या.

रिकामी करणं: घोळ होतो तो इथेच

बाकी सगळं कोणालाही जमतं. या टप्प्याने मात्र मला बराच काळ छळलं, कारण एकाच बँकेचे दर वेळी वेगळे आकडे यायचे आणि प्रत्येक आकडा पटण्यासारखाच दिसायचा.

पहिली गोष्ट: लोड म्हणून लॅपटॉप वापरू नका. लॅपटॉप सुरुवातीला ६० वॉट खेचतो, त्याची बॅटरी भरत आली की वीसवर येतो, पंखा फिरला की पुन्हा वर जातो. अशा हलत्या लोडवर आलेला आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा येत नाही, आणि पुन्हा न येणारा आकडा कुठल्याही कामाचा नाही. त्यातून टाइप-सी पोर्ट दोन्ही बाजूंनी वीज नेऊ शकतं. काही लॅपटॉप बँकेकडून घेण्याऐवजी तिलाच भरायला लागतात आणि तुम्ही मीटरवरचा आकडा वाढताना बघून खूश होता. इलेक्ट्रॉनिक लोडवर ठरलेला करंट लावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नका.

करंट किती? फोनसाठी घेतली असेल तर ५ व्होल्टवर ३ अँपिअर, लॅपटॉपसाठी घेतली असेल तर २० व्होल्टवर ३ अँपिअर. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी पूर्ण भरून. अर्ध्या अँपिअरवर रात्रभर बँक रिकामी करून ‘नव्वद टक्के मिळाले’ सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. इतक्या हळू काढली तर सुमार बँकही गुणी दिसते. तुम्ही ती जशी वापरणार, तशीच तपासा.

दुसरी गोष्ट केबल. मीटर थेट बँकेच्या सॉकेटमध्ये बसवा आणि केबल लागली तर मीटरच्या पुढे लावा. मध्ये केबल आली की तिच्यात जळणारी वीज बँकेच्या नावावर जाते. जाता-येता मिळून ०.२ ओहमची केबल ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट खाते. ५ व्होल्टवर हा बारा टक्के तोटा आहे, २० व्होल्टवर तीनच टक्के. ‘ही बँक लॅपटॉपला चांगली, फोनला वाईट’ असे निष्कर्ष अशाच एखाद्या दरिद्री केबलमधून निघतात.

तिसरी गोष्ट, मीटरची आठवण. बँक बंद पडते त्याच क्षणी तिच्यावर चालणारा मीटरही विझतो. मोजणी साठवून ठेवणारा मीटर असेल तर ठीक, पण तो खरंच साठवतो का हे पाच मिनिटं चालवून, तोडून, पुन्हा जोडून आधी बघून घ्या. नसेल साठवत, तर मीटरसमोर फोन उभा करून व्हिडिओ लावा. ६० वॉटवर ७४ वॉट-अवरची बँक तासाभरात संपते. १५ वॉटवर चार तासांहून जास्त घेते, तेव्हा व्हिडिओ अंदाजाने शेवटच्या तासाला सुरू केला तरी चालेल. आणि सुरुवात करण्याआधी जुनी मोजणी शून्यावर आणा. बहुतेक मीटर कालचा आकडा तसाच पुढे वाढवत नेतात.

चौथी गोष्ट सगळ्यात फसवी. बँक बंद पडली म्हणजे ती संपली, असं नाही. ती तापूनही बंद पडते. म्हणून बंद पडल्यावर आकडा लिहा, अर्धा तास थांबा, बटण दाबा आणि तोच लोड पुन्हा लावा. मिनिटभर चालून पुन्हा गेली तर खरोखर संपली होती. विश्रांती मिळाली की सेलचा व्होल्टेज थोडा वर येतोच. पण आणखी दहा-पंधरा वॉट-अवर निघाले, तर मधे बँक बंद पडली ती उष्णतेमुळे. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, बेरीज करून खूश होऊ नका. लॅपटॉपवर काम करत असताना बँक अर्ध्या वाटेत अर्धा तास रुसणार असेल, तर उरलेले पंधरा वॉट-अवर तुमच्या काय उपयोगाचे? लोडचा पंखा बँकेवर गरम हवा फेकत नाही ना, तेही बघा. ६० वॉट उष्णता शेजारी ओतली तर कोणतीही बँक तापेल.

एक ताकीद: मीटरचा ट्रिगर २० व्होल्टवर असताना त्याच्या पुढे फोन लावू नका, ‘नुसतं बघायला’ म्हणूनही नाही. फोनने न मागितलेले २० व्होल्ट थेट त्याच्यात जातील. काम झालं की ट्रिगर ५ व्होल्टवर आणायचा आणि मगच मीटर काढायचा, ही सवयच लावा.

आता आकड्याचा अर्थ. ७४ वॉट-अवरच्या बँकेने १५ वॉटवर ६३ च्या वर दिले, म्हणजे पंच्याऐंशी टक्के, तर बँक चांगली. ५९ ते ६३ मध्ये असेल तर चालेल. ५५ च्या खाली असेल तर माझ्या मते परत करावी, विक्रेता काहीही सांगो. ६० वॉटवर दोन-तीन वॉट-अवर कमी आले तर तक्रार करू नका. एखाद-दुसऱ्या वॉट-अवरवरून वादही घालू नका, मीटरचीच चूक तेवढी असू शकते.

वॉट टिकतात का

वर १०० वॉट लिहिलं असेल तर २० व्होल्ट, ५ अँपिअर लावून बघा. त्यासाठी लोड तेवढ्या ताकदीचा हवा आणि केबल ई-मार्करवालीच हवी. साध्या केबलवर बँक ३ अँपिअरच्या, म्हणजे ६० वॉटच्या पुढे जातच नाही आणि दोष बँकेला मिळतो. पहिल्या मिनिटाला शंभर सगळ्याच देतात. वीस मिनिटांनी किती देते ते लिहा. बँक फरशीवर ठेवा, गादीवर नाही, आणि समोरून उठू नका. हात टेकवता येत नाही इतकी तापली की थांबवा.

दोन पोर्ट एकदम

लॅपटॉप चालू असताना दुसऱ्या पोर्टला फोन लावा. बहुतेक बँका क्षणभर दोन्हीकडची वीज तोडून वाटणी नव्याने ठरवतात. लॅपटॉप कमी वॉटवर का होईना पुन्हा सुरू झाला पाहिजे. काही बँकांमध्ये टाइप-ए (जुन्या चपट्या यूएसबी) पोर्टला काही लावलं की सगळेच पोर्ट ५ व्होल्टवर येतात आणि लॅपटॉपचं चार्जिंग बंद पडतं. खोक्यावर हे क्वचितच लिहितात, म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत करून बघा.

शेवटी

पुन्हा पूर्ण भरा, आत गेलेले आणि बाहेर आलेले वॉट-अवर शेजारी-शेजारी मांडा. आत ८५ गेले आणि बाहेर ६४ आले, तर बँकेत येताना आणि जाताना मिळून पाव हिस्सा उष्णतेत गेला, हे नेहमीचंच. आत गेलेलाच आकडा ५० च्या घरात असेल, तर सेलच छोटे आहेत.

आलेला आकडा, लोड आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून बँकेच्या पाठीला लावा. वर्षभराने त्याच लोडवर, त्याच मीटरने पुन्हा मोजलं की सेल किती झिजले ते कळेल. तोवर वापरात नसेल तेव्हा ती निम्मी भरलेली ठेवा.