पावसाळ्यात घरातला मनी प्लांट का कुजतो

मृग लागला की शेजारपाजारहून एकच तक्रार येते: रोज पाणी घालते, तरी मनी प्लांटची पानं पिवळी पडतात. तरी नव्हे, म्हणूनच पडतात! गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ज्या दिवसांत दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, त्या दिवसांत खोलीतल्या कुंडीतली माती कशी वाळणार?

कुळागरवाल्यांना, म्हणजे पोफळी-मिरीच्या बागा राखणाऱ्यांना, हे वेगळं सांगायला नको. पोफळीवर चढवलेली मिरवेल पावसात मरते ती बुंध्याशी पाणी तुंबून, मुळांना बुरशी लागून. म्हणून पावसाच्या तोंडावर चर मोकळे करतात, १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) देतात. घरातल्या वेलीला बोर्डो नको, पण निचरा तितकाच हवा.

गेल्या आषाढात माझी एक कुंडी अशीच गेली. चिनी मातीची, देखणी, तळाला भोक नसलेली. वरची माती कोरडी दिसायची म्हणून मी पाणी घालत राहिलो. शेवटी बोट दोन पेरं आत घातलं तर खाली चिखल. मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा धागा तेवढा उरला. वास कुजकट. निरोगी मूळ पांढरट आणि ताठ असतं, ते ओढल्यानं असं सोलवटत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात माझा वार ठरलेला नाही. बोट घालायचं, दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. कधी आठ दिवस जातात, कधी बारा.

मुळं कुजली तरी वेल हातची गेली असं समजू नका. खोडावर पानाच्या देठासमोर तपकिरी कोंब दिसतो, ते हवाई मूळ. त्याच्या बोटभर खाली कापा. प्रत्येक तुकड्याला असं मूळ असलेलं एक तरी पेर, म्हणजे खोडाची गाठ, हवंच, नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. या दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटतात. बाटलीतलं पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी बदला आणि काच आतून घासून घ्या. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो; नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. कुंडीखालच्या बशीचंही तेच.

आपली तांबडी माती एकटी वापरली तर कुंडीत घट्ट बसते. एक भाग माती, एक भाग धुऊन घेतलेला काथ्याचा भुसा, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि चुलीतल्या कोळशाचे मूठभर तुकडे. रेती घालायची तर नदीची जाडी घाला. समुद्रावरची खारट रेती मुळांना मानवत नाही.

आता आधाराचं. लोंबती सोडलेली वेल लहान पानं देते, चढती मोठी. गावात आंब्यावर चढलेला मनी प्लांट पाहा, पान सुपाएवढं होतं. घरात बांबूला काथ्याची सुंभाची दोरी घट्ट गुंडाळा आणि वेल अशी सैल बांधा की पेर सुंभाला टेकेल. या हवेत पेरातलं मूळ सुंभ आपणहून धरतं. पांढऱ्या-पिवळ्या छटेची जात असेल तर कुंडी खिडकीजवळ सरकवा, काळोखात नवी पानं निव्वळ हिरवी येतात. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, वारा खेळायला हवा. पेरांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

हा वेल अळूच्याच कुळातला. अळवात आपण आंबाडे किंवा चिंच ज्या खाजेसाठी घालतो, तेच सुईसारखे स्फटिक याच्या पानातही असतात. रांगतं मूल, मांजर, कुत्रा घरात असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला पोचणार नाही अशी ठेवा.

खताची घाई गणेश चवथीपर्यंत नको. उघडीप पडली की मूठभर गांडूळखत पुरे. चवथीच्या रंगरंगोटीसाठी कुंड्या अंगणात काढाल तेव्हा थेट उन्हात ठेवू नका, चार महिने सावलीत वाढलेलं पान एका दुपारी करपतं.

छाटलेले तुकडे गडग्यापलीकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधापलीकडे, टाकायची सवय मात्र सोडा. एक पेर ओल्या मातीला लागलं की तिथे वेल धरते आणि दुसऱ्याच्या माडा-आंब्यावर चढते. तुकडे छपराखाली पूर्ण वाळवा, मगच खताच्या खड्ड्यात टाका.