अलाइनमेंटआधी टाय रॉड एंड बघा: माझा अनुभव

माल भरला की व्हॅन डावीकडे ओढायची, खड्ड्यात पुढून ‘खट्’ आवाज यायचा आणि पुढच्या टायरची आतली कड झिजत चालली होती. जो तो म्हणे, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. पण जोड ढिले असताना अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

जॅक लावला, खाली स्टँड दिला. चाक वर-खाली धरून हलवलं तर घट्ट. डावी-उजवीकडे धरून हलवताच खटखट! टाय रॉड एंडचं, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाकडे जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याचं, रबरी बूट फाटलेलं आणि आत ग्रीसच्या जागी लाल गंजाचा चिखल.

नट अडवणारी स्प्लिट पिन काढली, नट सैल करून आट्यांवरच ठेवला. स्टिअरिंग आर्मच्या डोळ्यावर (एंड ज्या भोकात बसतो तिथे) बाजूने हातोड्याचा दणका दिला, टेपर म्हणजे एंडचा निमुळता खुंट सुटला. आट्यांवर मात्र हाणू नका, चेपले की बसा रडत. जुना एंड किती फेऱ्यांत निघतो ते मोजून नवा तेवढाच आत घेतला, स्प्लिट पिन नवीच घातली. मग अलाइनमेंट.

हात काळे झालेच होते, म्हणून मागच्या कमानपाट्या अॅक्सलला आवळणारे यू-बोल्टही टॉर्क रेंचने तपासले. एक चांगलाच सैल निघाला. शॅकलच्या (कमानपाट्यांचं टोक टांगणाऱ्या कडीच्या) बुशांना तडे आहेत, ते पुढच्या सर्व्हिसिंगला.